तहान लागण्याआधी

मराठीच्या प्राध्यापिकेला गृहनिर्माण सोसायटीत एक हक्काचे काम असते. ते म्हणजे अर्ज लिहिणे. जिन्यातला दिवा गेला, लिफ्ट अडकली, गच्चीवर कुणी परवानगीवाचून पापड वाळत घातले, की सेक्रेटरी आमच्या दारात उभे! "बाई, तुमच्याइतकं शुद्ध कुणाला लिहिता येणार?" या एका वाक्यावर माझे आजवरचे सारे अर्ज लिहिले गेले आहेत. वीस वर्षे मुलांना अतिशयोक्ती अलंकार शिकवते आहे. पण स्वतःच्या बाबतीत तो अजून ओळखता येत नाही, त्याला काय करावे!

मी वरसाव्याला राहते. हे सांगितले की ऐकणारा हटकून म्हणतो, "वा, समुद्रकाठी!" त्याच्या डोळ्यांपुढे अंधेरीजवळचे वेसावे असते. इंग्रजीत दोन्ही गावांचे स्पेलिंग एकच, त्यामुळे आमची पत्रे आणि पाहुणे दोन्ही अधूनमधून तिकडची हवा खाऊन येतात. आमचे वरसावे म्हणजे अहमदाबादचा हमरस्ता आणि घोडबंदरचा रस्ता जेथे मिळतात ते. पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पुढे वसईची खाडी आणि खाडीवर पूल. हे गाव एके काळी ग्रामपंचायतीचे होते. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगर परिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत या महानगरपालिकेची वस्ती आठ लाखांवर भरली. आम्हीही त्या गर्दीतलेच. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीतून दिसणारा खाडीचा एक चतकोर.

तर एका फेब्रुवारीत पाणीपट्टी वाढणार अशी कुजबुज उठली. खरी किती, खोटी किती, देव जाणे! पण सोसायटीची सभा भरली, आवाज चढले, आणि सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, असं पत्र लिहा की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मी लिहिले. मन लावून लिहिले. पाणी हेच जीवन, जीवनाचा का कुणी बाजार मांडतो? पूर्वजांनी पाणपोया घातल्या आणि आपण नळाला मापे लावली! मध्यमवर्गीयांचे कंबरडे, महागाईचा वणवा, अनुप्रास, उपमा, सारे काही. लिहून झाल्यावर माझे मलाच भरून आले. घरात हुकमी श्रोते म्हणजे अण्णा, माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत पाणीपट्टी वसुलीचे कारकून होते. मी पत्र वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "भाषा छान आहे. पण विहीर कुणी खणायची?"

"कुठली विहीर?"

"तूच ना मुलांना शिकवतेस, तहान लागल्यावर विहीर खणणे? अर्थ काय सांगतेस?"

"आयत्या वेळी धावाधाव करणे."

"म्हणजे तहान लागण्याआधी खणायची. बरोबर? मग पैसे कधी गोळा करायचे? तहान नसताना. आणि अगं, तहान नसताना पैसे कोण देतो?"

मी जरा घुश्शातच कागदाची घडी घातली. अण्णांनी सारा जन्म लोकांकडून पाणीपट्टी मागण्यात घालवला. ते मागणाऱ्याचीच बाजू घेणार, असे मनात आले. पण त्या रात्री झोप लागेना, कारण अण्णांच्या त्या प्रश्नाने माझ्या लहानपणीची एक गोष्ट उकरून काढली होती.

आमच्या आईचे दोन डबे होते. एक फडताळात, रोजच्या पैशांचा. दूध, भाजी, किराणा, वाण्याची उधारी त्यातून भागे. दुसरा ट्रंकेच्या तळाशी, जुन्या साडीत गुंडाळलेला. त्याला हात लावायचा तो घराची कौले शाकारताना, शिलाईचे यंत्र घेताना. महिनाअखेरीला फडताळातला डबा वाजू लागला म्हणजे आम्ही भावंडे ट्रंकेकडे पाहत असू आणि आई आमच्याकडे! अण्णा हसून म्हणत, "तुमच्या आईला नगरपालिकेत अकाउंटंट नेमायला हवं होतं." नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातही असेच दोन डबे असतात: एक महसुली, एक भांडवली. पंपाची वीज, तुरटी, क्लोरिन, माणसांचे पगार हे सारे पहिल्या डब्यातून. नवी टाकी, नवी जलवाहिनी, कुजलेले पाइप बदलणे हे दुसऱ्या डब्यातून. दुसऱ्या डब्यात सरकारचे अनुदान पडते, कर्ज पडते. पण कर्जाचा हप्ता फेडायचा तो पुन्हा पहिल्याच डब्यातून, म्हणजे शेवटी पाणीपट्टीतून आणि घरपट्टीतून.

आमच्या गावात मुख्य रस्त्याखालून बिडाचे जुने पाइप गेले होते. शेजारून गटार. अण्णा दर वर्षी अंदाजपत्रकाच्या कच्च्या खर्ड्यात एक ओळ लिहीत: "मुख्य रस्त्याखालील जलवाहिनी बदलणे." त्या ओळीपायी पाणीपट्टी थोडी वाढवावी लागे. सभेत गलका होई. मग ती ओळ तांबड्या शाईने खोडली जाई आणि शेजारी शेरा पडे: "पुढील वर्षी विचार व्हावा." पाणीपट्टी जैसे थे. दुसऱ्या दिवशी गावात पेढे वाटले जात. माझ्या आठवणीत असे पेढे मी तीनदा खाल्ले आहेत.

चौथ्या वर्षी पावसाळा संपता संपता काविळीची साथ आली. पाइपाला भोक कुठे पडले आणि गटाराचे पाणी आत कुठे शिरले, हे सापडायला तीन आठवडे लागले. माझा धाकटा भाऊ दोन महिने अंथरुणावर होता. त्याचे शाळेचे वर्ष गेले, पण तो उठला. समोरच्या वाड्यात माझ्याबरोबर सागरगोटे खेळणारी एक मुलगी होती. ती उठली नाही.

त्या दिवाळीत आमच्या आळीत कुणी आकाशकंदील लावला नाही. अण्णा रात्री ओट्यावर बसून होते. आई म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतं ना दर वर्षी?" अण्णा म्हणाले, "लिहिलं होतं. पण वाचून दाखवलं नाही. लोकांना 'पाइप बदलणे' एवढं ऐकू गेलं. पाइप नाही बदलला तर काय, ते मी लिहिलंच नव्हतं. त्याला सदर नसतं."

ही गोष्ट मी विसरले होते असे नाही. पण मी ती 'लहानपणीच्या आठवणी' या फडताळात ठेवली होती, 'पाणीपट्टी' या फडताळात नव्हे. माणसाचे मन मोठे हिशेबी असते. नको त्या दोन गोष्टी ते शेजारी शेजारी ठेवत नाही.

सकाळी मी अण्णांच्या शेजारी चहा घेऊन बसले आणि म्हणाले, "सांगा. आमच्या नळाचं पाणी येतं कसं, पहिल्यापासून."

ते सांगू लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की, मराठी भाषेत पाण्यावर इतके वाक्प्रचार मला ठाऊक आहेत, पण स्वतःच्या तोटीचे पाणी कुठले ते ठाऊक नव्हते. आमच्या शहराचे स्वतःचे धरण नाही. वर्षानुवर्षे ते 'स्टेम' या कंपनीकडून आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घेत आले. ते पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातले. धरणातल्या कच्च्या पाण्यालाही दर असतो. तो ठरवण्यासाठी २००५ च्या कायद्याने राज्यात वेगळे प्राधिकरण नेमले आहे. मग ते उचलण्याचा, गाळण्याचा, आणून पोचवण्याचा दर. मग शहरातल्या टाक्या, पंप, गळती. जेवढे पाणी वाटेत गळते किंवा चोरीला जाते त्याची किंमत कुणीच देत नाही, म्हणजे खरे तर बिल भरणारेच देतात. या साऱ्या उतरंडीवरचे शेवटचे मडके म्हणजे आमची पाणीपट्टी. खालची मडकी जागच्या जागी, आणि वरचे तेवढे खाली उतरवा म्हणून मी अनुप्रासयुक्त अर्ज केला होता!

"आणि आता सूर्या," अण्णा म्हणाले. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवर धामणीचे धरण आहे. तिथून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे आणायची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. वाटेत डोंगरांतून बोगदे, खाडीखालून बोगदा, आणि आमच्या शेजारी चेण्याला मोठी टाकी. आधी खाडीपलीकडच्या वसई-विरारचा टप्पा, मागाहून आमचा. हे धरण मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरकडच्या शेतीसाठी बांधलेले. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी पाणी शहरांकडे वळवायला विरोध केला होता. आपल्या नळाला धार यावी म्हणून दुसऱ्याच्या पाटाची धार बारीक होणार असेल, तर त्याचा दर कुठल्या बिलात लिहायचा?

त्यानंतर २०२४ च्या मे महिन्याअखेरीस, खाडीकाठी ससूनवघरजवळ, याच योजनेच्या बोगद्याच्या कामावर माती आणि काँक्रीटची भिंत कोसळली. यंत्र चालवणारा एक कामगार यंत्रासकट गाडला गेला. बचावपथके दिवसामागून दिवस खणत होती. आमच्या घरापासून ती जागा फार दूर नाही. पुलावरून जाताना लोक मान वळवून पाहत आणि गाडी पुढे नेत. अण्णांनी वर्तमानपत्र मिटले आणि एवढेच म्हणाले, "यालाही सदर नसतं."

पुलावरून आठवले. आमच्या जुन्या पुलाच्या तुळईला २०१३ साली तडा गेला, तेव्हा अवजड वाहने थांबली आणि रांगा मैल मैल गेल्या. शेजारचा नवा पूल रहदारीला खुला झाला तो २०२३ साली. तहान आणि विहीर यांच्यात दहा वर्षांचे अंतर! उलट, आमच्या पाठीशी जो डोंगर आहे त्याच्या पलीकडच्या अंगाला मुंबईकरांचे विहार तळे आहे. १८५६ साली काम सुरू झाले, १८६० साली पाणी मिळू लागले. ते पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी, मग १८९२ साली तानसा. त्या शहराची तहान कधीच भागली नाही हे खरे. पण एका विहिरीचे पाणी पिता पिता दुसरी खणत राहिल्यामुळेच ते शहर उभे राहिले, हेही खरे.

तरीही माझे मन तयार होईना. पगार तेवढाच, खर्च वाढते; दर का म्हणून वाढू द्यायचा? शेवटी निकाल लागला तो आमच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हमरस्त्यापलीकडच्या एका पाड्यावरून येतात. पाण्याचे बिल टेबलावर पडले होते. मी सेक्रेटरींना फोनवर तावातावाने आकडा सांगत होते. फोन ठेवला तेव्हा मावशी भांडे विसळता विसळता थांबल्या होत्या.

"बाई, हे महिन्याचं का दिवसाचं?"

"महिन्याचं. का हो?"

"आमच्याकडं टँकरवाला एका पिंपाचे पन्नास घेतो. पाहुणे आले की दोन पिंपं." आणि त्या हसून म्हणाल्या, "तुमचं पाणी लई स्वस्त, बाई."

त्यांच्या हसण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. मी मनात हिशेब मांडला. पिंप दोनशे लिटरचे. मावशींच्या घरी हजार लिटरला अडीचशे रुपये पडत होते. आमच्या बिलात हजार लिटरला जे पडतात तेवढ्यात त्यांचे एक पिंपही भरले नसते. स्वस्त दर हा गरिबांसाठी असतो, असे मी पत्रात लिहिले होते. पण तो ज्याच्या घरी नळ पोचला आहे त्याच्यासाठी असतो! ज्याच्याकडे नळच नाही त्याला आमच्या स्वस्ताईचा एक थेंब मिळत नाही. उलट आम्ही दर जैसे थे ठेवून पेढे वाटतो, तेव्हा पुढची जलवाहिनी, जी त्याच्या पाड्यापर्यंत जायची, तिच्यापुढेच शेरा पडतो: पुढील वर्षी विचार व्हावा.

मी वर्गात महाडच्या चवदार तळ्याविषयी बोलते. १९२४ साली तिथल्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. आंबेडकरांना स्वतः पायऱ्या उतराव्या लागल्या. ठराव आणि ओंजळ यांत केवढे अंतर असते, असे मुलांना सांगताना माझा आवाज चढतो. आणि घरी माझ्याच मोरीत भांडी घासणाऱ्या बाईच्या पिंपाचा भाव मला ठाऊक नव्हता.

त्या रात्री मी पत्र दुसऱ्यांदा लिहिले. यात एकही अनुप्रास नव्हता. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्याप्रमाणे पुढल्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरायचे असतात. त्यामुळे वेळ थोडा होता. त्यातून ते दिवस प्रशासकांचे. नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली होती, आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडले. दर सुचवायचा एकाने आणि मान्य करायचा दुसऱ्याने, ही कायद्याची रीत; पण प्रशासकांच्या काळात उजव्या हाताने मांडायचे आणि डाव्या हाताने मंजूर करायचे. सभेतला गलका जेव्हा बंद असतो तेव्हा नागरिकांनी निदान नीट प्रश्न तरी विचारावेत, एवढेच माझ्या मनात होते.

पत्रात चार गोष्टी मागितल्या. पहिली: दर वाढवायचा तर वाढवा; पण त्या पैशातून पुढल्या पाच वर्षांत कोणते पाइप, कोणत्या टाक्या, कोणत्या वर्षी, ते छापून सांगा, आणि पाण्याचा पैसा पाण्यावरच खर्च झाल्याचा हिशेब दर वर्षी दाखवा. दुसरी: सरसकट वाढ नको, जो जास्त वापरील त्याला चढता दर लावा. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर बसवून, चढते दर लावून चोवीस तास पाणी दिले. मग मोठ्या शहरांना का जमू नये? केंद्र सरकारनेही २००५ साली शहरांच्या विकासाला पैसा देताना अट घातली होती की, पाण्याचा रोजचा खर्च सात वर्षांत पाण्याच्या वसुलीतूनच निघाला पाहिजे. तिसरी: आधी गळती आणि जुने पाइप, मग शोभेची कारंजी. आणि चौथी: नव्या पाण्याचा पहिला वाटा जिथे नळ नाही तिथे.

सोसायटीत पत्र वाचले गेले तेव्हा शांतता पसरली. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, हे विरोधाचं पत्र आहे की पाठिंब्याचं?"

"हिशेब मागण्याचं आहे," मी म्हणाले.

"पण यात आपला फायदा काय?"

मला उत्तर सुचले नाही. काविळीची गोष्ट सांगावी असे ओठांवर आले, पण चारचौघांत ती सांगता येईना. बेचाळीस घरांपैकी सात घरांनी सही केली. आठवी अण्णांची, घर एकच असल्यामुळे ती मोजायची नाही असे ठरले! पत्र मी स्वतः नेऊन दिले आणि पोच घेतली. त्याचे पुढे काय झाले ते विचाराल तर पोच मात्र माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. सोसायटीने मला अर्जांच्या कामातून मुक्त केले. आता अर्ज तिसऱ्या मजल्यावरचे एक वकील लिहितात. ते शुद्धलेखनाच्या चुका करतात, पण मजकूर सोसायटीला हवा तोच असतो.

मावशींच्या पाड्याचा प्रश्न एका पत्राने सुटत नसतो, हे मला समजते. पण तेव्हापासून एक खोड जडली आहे. दर फेब्रुवारीत मी वर्तमानपत्रातली अंदाजपत्रकाची बातमी सगळी वाचते. पूर्वी घरपट्टी-पाणीपट्टीत वाढ नाही हे मथळ्यात दिसले की पान उलटत असे. आता मथळ्याशी थांबवत नाही. वाढ नाही, मग खोडले काय? कुठल्या ओळीपुढे शेरा पडला? कुणाचा पाइप पुढल्या वर्षावर गेला?

आता दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमची आई तांब्याचे हंडे चिंच लावून लखलखीत घासत असे आणि काठोकाठ भरून ठेवीत असे. उद्या पहाटे नळाला पाणी असो नसो, घरातले पहिले स्नान अडायला नको. आमच्याकडे आता हंडे नाहीत, प्लॅस्टिकच्या बादल्या आहेत. पण त्या संध्याकाळी अण्णा काठी टेकीत मोरीपर्यंत येतात आणि बादल्या मोजतात.

"पाच कशाला? माणसं चारच ना?"

"एक असू द्या, अण्णा."

"कुणाला?"

"अजून यायचंय कुणी तरी."

ते मान हलवतात. माझ्या त्या दुसऱ्या पत्राची प्रत त्यांनी आपल्या जुन्या वहीत ठेवली आहे, जिथे त्यांचे खोडलेले खर्डे आहेत तिथेच. परवा मी ती काढून पाहिली. शेवटच्या ओळीखाली त्यांनी तांबड्या शाईने रेघ मारली आहे. आधी मला वाटले, काही चूक सापडली. मग नीट वाचले. ओळ माझीच होती: "याच वर्षी विचार व्हावा."